विझवता न आलेली आग

वेरूळला शाळेची सहल नेणारे शिक्षक मुलांना कैलास लेण्यातले हत्ती दाखवतात, कैलास पर्वत हलवणारा रावण दाखवतात आणि पुढच्या लेण्याकडे वळतात. मंडपात उभे राहून मान वर करणारे थोडेच. या छतावर एके काळी रंगीत चित्रे होती. त्यांतली काही अजूनही ओळखू येतात, पण कित्येक ठिकाणी ती काळवंडून गेली आहेत. शतकानुशतके या लेण्यांत कोणी ना कोणी वस्तीला राहिले. त्यांनी चुली मांडल्या, शेकोट्या केल्या, दिवे-मशाली लावल्या. त्यांची काजळी छतावर बसत गेली. कोणती चूल कुठे होती हे आज जमिनीकडे पाहून सांगता येत नाही. छत मात्र अजून सांगते.

धूर वर जातो, छताला टेकतो, मग आडवा पसरतो आणि छत भरले की थराथराने खाली उतरू लागतो. अग्निशमन दलात वर्षे काढलेला जवान ही गोष्ट पुस्तकाआधी अनुभवाने शिकलेला असतो. धूर कुठून येतो, किती वेगाने येतो, त्याचा रंग कसा आहे, यावरून तो आत काय जळते आहे याचा अंदाज बांधतो. पण विझून गेलेल्या आगीची काजळी जितकी बोलकी असते, तितका पेटत्या आगीचा धूर नसतो. तो डोळ्यांसमोर पडदा धरतो. आग कुठे आहे, किती आहे आणि तिच्या शेजारी काय आहे, हे कळेनासे होते.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दोन तास हेच घडले. त्या दुपारी अग्निशमन दलाच्या ६६ जणांचे प्राण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात आणि तेथून पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह असतो. आपल्या शाळांत १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती साजरी होते, त्यामुळे या दुसऱ्या स्मरणाकडे साहजिकच कमी लक्ष जाते. त्या दुपारची हकीगत विज्ञानाच्या आणि इतिहासाच्या शिक्षकांनी मिळून सांगावी अशी आहे.

जहाजात काय होते

‘फोर्ट स्टिकीन’ हे सुमारे सात हजार टनांचे मालवाहू जहाज १९४२ साली कॅनडात बांधले गेले. फेब्रुवारी १९४४ मध्ये ते इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघाले. दुसरे महायुद्ध चालू होते. जहाजावर सुमारे १४०० टन दारूगोळा होता: तोफगोळे, पाणतीर, सुरुंग. त्यांपैकी सुमारे २४० टन माल अतिशय संवेदनशील वर्गातला होता. शिवाय स्पिटफायर जातीची लढाऊ विमाने होती आणि सोन्याच्या विटाही होत्या.

वाटेत कराचीला थोडा माल उतरला. युद्धकाळात जहाजात जागा रिकामी ठेवणे परवडत नसे. म्हणून तेथे कापसाच्या सुमारे ८७०० गाठी, वंगणतेलाची पिंपे, लाकूड आणि भंगार लोखंड भरले गेले. दोन नंबरच्या खणात खाली कापूस आणि त्याच खणाच्या वरच्या मजल्यावर स्फोटके, अशी मांडणी झाली. एकमेकांपासून दूर ठेवायच्या वस्तू एकाच खोलीत आल्या.

शांततेच्या काळात स्फोटके घेऊन आलेले जहाज गोदीच्या आत घेत नसत. ते बाहेर पाण्यात नांगर टाकून उभे राही आणि माल पडावांमधून उतरवला जाई. अशा जहाजावर लाल बावटा लावायची रीत होती. युद्धाच्या घाईत हे सारे बाजूला पडले. १२ एप्रिलला फोर्ट स्टिकीन व्हिक्टोरिया गोदीत एक नंबरच्या धक्क्याला लागले. आजूबाजूला इतर जहाजे, धान्याची आणि मालाची गोदामे, आणि थोड्याच अंतरावर माणसांनी गजबजलेली वस्ती. १४ तारखेची दुपार झाली तरी स्फोटकांचा मोठा भाग जहाजातच होता.

दुपारचे दोन तास

साडेबाराच्या सुमारास गोदी कामगार जेवायला गेले. त्या सुट्टीत शेजारच्या जहाजावरच्या काही जणांना फोर्ट स्टिकीनच्या वायुवीजन नळीतून धुराची बारीक रेघ निघताना दिसली. पण त्या जहाजावरची माणसे बघतील, असे समजून कोणी आवाज दिला नाही. दीड वाजता कामगार परतले आणि काही वेळाने दोन नंबरच्या खणातून धूर येतो आहे हे त्यांच्या लक्षात आले. आरडाओरडा झाला. गोदीतल्या जवानांनी नळ्या सोडल्या, मागून शहरातून बंब आले, पाण्यातून फवारे मारणाऱ्या बोटी आल्या.

खणाच्या तोंडातून दाट धूर येत होता. खाली उतरून आग शोधणे अशक्य होते. मग धूर येत होता त्या दिशेने वरून पाणी सोडणे एवढेच हाती राहिले. पुष्कळ वेळाने जहाजाच्या बाजूच्या पत्र्यावर एके ठिकाणी रंगाला फोड आलेले दिसले. आग आत नेमकी कुठे आहे याची ही पहिली खूण. तेथे पत्रा कापून भोक पाडायचे आणि नळी थेट आगीवर धरायची असे ठरले. कापण्याचे यंत्र आणले, पण ते चालले नाही.

तीन वाजून गेले. जहाजावर ९०० टनांहून अधिक पाणी ओतून झाले होते. खणातले पाणी उकळू लागले होते, डेकचा पत्रा पायांना चटके देत होता. पावणेचारनंतर खणातून ज्वाळा उसळल्या. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. पुष्कळ जवान त्यानंतरही धक्क्यावर आणि जहाजाच्या आसपास नळ्या धरून होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा स्फोट झाला.

पाणी का पुरले नाही

९०० टन पाणी ही काही लहान गोष्ट नाही. मग आग विझली का नाही? येथे शाळेतल्या उष्णतेच्या धड्याचा उपयोग होतो.

पाणी आग विझवते ते मुख्यतः उष्णता शोषून. एक किलो पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. त्याच पाण्याची वाफ करायला मात्र आणखी सुमारे २२६० किलोज्यूल लागतात. म्हणजे पाण्याचे खरे बळ वाफ होण्यात आहे, आणि ती वाफ जळणाऱ्या पृष्ठभागावर व्हायला हवी.

आता हिशेब करू. एक किलो कापूस जळला तर ढोबळमानाने १६,५०० किलोज्यूल उष्णता बाहेर पडते. ९०० टन पाणी नेमके आगीवर पडून त्या सगळ्याची वाफ झाली असती, तर त्याने सुमारे १४० टन कापूस जळण्याची उष्णता शोषली असती. पण हेच पाणी आगीला न भिडता खणाच्या तळाशी साठले आणि नुसते ३० अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापले, तर ते जेमतेम सात टन कापसाची उष्णता घेते. पाणी तेवढेच, पण परिणामात वीसपट फरक. वर्गात विद्यार्थ्यांकडून हा हिशेब अवश्य करून घ्यावा. पाणी किती टाकले यापेक्षा ते कुठे पडले याला महत्त्व का, हे एका आकडेमोडीत कळते.

दुसरी अडचण कापसाची. उदबत्ती ज्योत नसतानाही शेवटपर्यंत जळत जाते, कारण तिचा पृष्ठभाग थेट हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो. याला आपण धुमसणे म्हणतो. कापसाची दाबून बांधलेली गाठ अशीच आतल्या आत धुमसते. तंतूंच्या मध्ये अडकलेली हवा तिला पुरते. बाहेरून ती भिजली तरी गाभ्यापर्यंत पाणी लवकर पोचत नाही.

तिसरी अडचण आर्किमिडीजच्या तत्त्वाची. कापसाची गाठ पाण्यावर तरंगते. खणात पाणी जसजसे चढत गेले, तसतशा जळत्या गाठी त्यावर तरंगत वर येऊ लागल्या, आणि वरच्या मजल्यावर स्फोटके होती. जे पाणी आग विझवण्यासाठी ओतले जात होते, तेच पाणी आगीला स्फोटकांजवळ नेत होते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ज्वलनासाठी इंधन, उष्णता आणि ऑक्सिजन या तीन गोष्टी लागतात, हे आपण आगीचा त्रिकोण काढून शिकवतो. खणाची झाकणे बंद करून, आत वाफ वा कार्बन डायऑक्साइड सोडून कापसाच्या आगीला कोंडता येते. पण टीएनटीसारख्या स्फोटकाच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. फटाक्याच्या दारूत तो सोऱ्यातून मिळतो. अशा पदार्थाला बाहेरची हवा तोडून कोंडता येत नाही. तो पेटण्याआधी त्याला थंड ठेवणे वा आगीपासून दूर नेणे, एवढेच माणसाच्या हाती असते. एकदा विस्फोट सुरू झाला की त्याची लाट टीएनटीत सेकंदाला सुमारे सात किलोमीटर वेगाने धावते. तेथे पळायला वेळच उरत नाही.

सल्ले अनेक, हुकूम एकही नाही

जहाजावर दारूगोळा आहे हे त्या दुपारी तिथल्या प्रमुखांना कळले नव्हते असे नाही. अडीचच्या आसपास लष्कराच्या दारूगोळा विभागाचा अधिकारी तेथे पोचला आणि संपूर्ण गोदी उडू शकते हे त्याने सांगितले. जहाज आहे तिथेच बुडवावे, असे त्याचे मत होते. गोदीच्या व्यवस्थापकांना वाटत होते की जहाज ओढून समुद्रात न्यावे. अग्निशमन दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स यांना आग विझवता येईल अशी आशा होती. जहाजाचे कप्तान अलेक्झांडर नेस्मिथ यांच्यासमोर असे निरनिराळे सल्ले होते.

प्रत्येक सल्ल्याला अडचण होती. गोदीत पाण्याची खोली बेताची असते. तेथे जहाज बुडवले तरी ते थोडेसे खाली जाऊन तळाला टेकते. समुद्रात न्यायचे तर जहाजाच्या इंजिनाची दुरुस्ती चालू होती, आणि गोदीच्या अरुंद दारातून एवढे धूड ओढून काढायला वेळ लागणार होता. त्या दारासमोर शेजारची जहाजेही होती. पण सर्वांत मोठी अडचण वेगळीच होती. लष्कर, बंदर, अग्निशमन दल आणि जहाज या चौघांवर हुकूम चालेल असा एकही माणूस तेथे नव्हता. त्यामुळे कोणताच निर्णय पुरा झाला नाही. ठरले नाही म्हणून जे चालू होते ते चालू राहिले, म्हणजे पाणी ओतणे.

आणखी एक निर्णय कोणीच घेतला नाही. गोदीत त्या वेळी हजारो माणसे होती. इतर जहाजांवर, गोदामांत, धक्क्यांवर कामे चालू होती. भोंगा वाजवून गोदी रिकामी करावी, हा हुकूम द्यायला इंजिन लागत नव्हते की भरतीची वाट पाहावी लागत नव्हती. तो दिला गेला असता तर आग विझली नसती. माणसे मात्र वाचली असती.

सव्वाचारनंतरची मुंबई

स्फोटाचे धक्के कुलाब्याच्या वेधशाळेत नोंदले गेले, आणि दूर सिमल्याच्या भूकंपमापकावरही. बारा किलोमीटरपर्यंत खिडक्यांच्या काचा फुटल्या. ‘जलपद्म’ नावाच्या जहाजाचा मागचा भाग उडून धक्क्यावरच्या गोदामावर जाऊन पडला. शेजारची अकरा जहाजे बुडाली किंवा निकामी झाली. जळत्या कापसाचे बोळे आणि तापलेले लोखंड वस्तीवर पडून आगी लागल्या. त्या आटोक्यात आणायला तीन दिवस लागले. पन्नास हजार टनांहून अधिक धान्य नष्ट झाले, आणि तेही बंगालचा दुष्काळ नुकताच होऊन गेलेल्या काळात. अधिकृत नोंदीप्रमाणे मृतांचा आकडा सातशेच्या वर आहे. तो खरा याहून बराच मोठा असावा असे मानतात. मलबा उपसायला सुमारे आठ हजार माणसे सात महिने राबत होती.

जपान्यांनी बॉम्ब टाकले असा अनेकांचा समज झाला. युद्धकाळातील बंधनांमुळे या घटनेची सविस्तर बातमी हिंदुस्थानात मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत छापू दिली गेली नाही. चौकशी आयोगाने आग अपघाताने लागली असा निष्कर्ष काढला, कापसाच्या गाठींना लागलेल्या आगीला मुख्य कारण ठरवले, आणि एकमुखी अधिकार नव्हता याकडे बोट दाखवले.

या स्फोटाविषयी मुंबईत सर्वांत जास्त सांगितली जाते ती सोन्याच्या विटांची गोष्ट. एक वीट एका घराच्या छपरातून आत येऊन पडली. आणखी विटा गाळ उपसताना पुढे अनेक वर्षे, अगदी २०११ सालापर्यंत सापडत राहिल्या. गोष्ट खरी आहे आणि मुलांना ती आवडते. पण तिच्याबरोबर त्या ६६ जणांची गोष्टही सांगायला हवी. त्यांना लढायला नळी मिळाली. कशाशी लढायचे आहे आणि कधी मागे फिरायचे आहे, हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कोणी सांगितले नव्हते.

तोच प्रश्न पुन्हा

ही घटना जगावेगळी नव्हती. ६ डिसेंबर १९१७ रोजी कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात ‘माँ ब्लाँ’ हे दारूगोळ्याचे जहाज पेटले. त्यात काय आहे हे किनाऱ्यावर फारच थोड्यांना ठाऊक होते. आग विझवायला गेलेले नऊ जवान आणि ती पाहायला जमलेली अनेक माणसे अशी सुमारे दोन हजार माणसे मेली.

१६ एप्रिल १९४७ रोजी, म्हणजे मुंबईनंतर तीन वर्षांनी, अमेरिकेतल्या टेक्सास सिटी बंदरात ‘ग्रँडकॅम्प’ जहाजावर खताला आग लागली. खत होते अमोनियम नायट्रेट. माल भिजून खराब होऊ नये म्हणून पाणी न मारता झाकणे बंद करून वाफ सोडली गेली. कापसाला चालला असता असा हा उपाय येथे उलटला, कारण अमोनियम नायट्रेट तापले की स्वतःच ऑक्सिजन पुरवते, आणि बंद जागेत उष्णता साठत गेली. गावच्या अग्निशमन दलातल्या २८ पैकी २७ जण तेथे मेले.

४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतमध्ये एका गोदामाला आग लागल्याची वर्दी मिळून दहा जणांची तुकडी गेली. गोदामात वर्षानुवर्षे पडून असलेले अमोनियम नायट्रेट आहे हे त्यांना कोणी सांगितले नव्हते. दहांपैकी एकही परतला नाही.

शंभर वर्षांच्या या हकीगतींत पंप सुधारले, श्वसनयंत्रे आली, शिड्या उंच झाल्या. माणसे मेली ती त्याच एका प्रश्नाचे उत्तर वेळेवर न मिळाल्याने: आत काय आहे?

धडे कुठे उतरले

यातून काहीच शिकले गेले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. धोकादायक माल जहाजावर कसा भरावा, कशाजवळ काय ठेवू नये, याचे आंतरराष्ट्रीय नियम १९६५ साली एकत्र प्रसिद्ध झाले आणि ते आजही सुधारून वापरले जातात. एकाच आगीवर अनेक खात्यांची माणसे आली तर हुकूम कोणाचा, याची शिस्तबद्ध पद्धत अमेरिकेत कॅलिफोर्नियातील १९७० च्या वणव्यांनंतर बसवली गेली. पुढे ती जगभर पसरली.

आपल्या रस्त्यावरही या धड्याची खूण रोज दिसते. पेट्रोलच्या वा गॅसच्या टँकरच्या मागे एक चौकोनी पाटी असते. तिच्यावर चार आकडी क्रमांक असतो: १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ म्हणजे स्वयंपाकाचा गॅस. त्याच्या वर एक अंक व अक्षरे असतात. हा अंक जवानाला काय वापरायचे ते सांगतो. १ असेल तर पाण्याची धार, २ असेल तर पाण्याचा बारीक फवारा, ३ असेल तर फेस, ४ असेल तर पाणी अजिबात नको, कोरडा पदार्थ. पेट्रोलच्या पाटीवर ३ असतो, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगते आणि पाण्याची धार त्याला पसरवते. वेरूळच्या घाटाने जाणाऱ्या टँकरमागे एसटीतून जाताना विद्यार्थ्यांना ही पाटी वाचता येईल. फोर्ट स्टिकीनच्या कापसावर आणि स्फोटकांवर अशी पाटी कोणी लावली नव्हती.

औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाक्यांच्या बाजाराला आग लागली आणि शंभराहून अधिक दुकाने बघता बघता भस्मसात झाली. सोरा असलेला माल आणि खेटून मांडलेली दुकाने, हे जहाजाच्या खणाचेच छोटे रूप होते. अशा ठिकाणी आग लागल्यावर करता येण्यासारखे थोडेच उरते. दोन दुकानांत मोकळी जागा सोडणे हेच तेथले अग्निशमन, आणि ते आगीच्या आधीच करावे लागते.

९ मे २०१५ रोजी मुंबईच्या काळबादेवीत गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली. आग विझवताना इमारतीचा भाग कोसळला आणि अग्निशमन दलाचे चार वरिष्ठ अधिकारी गेले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर त्यांच्यापैकी एक. आगीत इमारतीचा सांगाडा कसा दुबळा होतो हे जाणकार जवान सांगतात: लाकडी तुळई बाहेरून जळत बारीक होते, आणि लोखंड न जळताही साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावते. त्यात वर ओतलेल्या प्रत्येक घनमीटर पाण्याचे एक टन वजन भर घालते. म्हणून अनुभवी अधिकारी आगीबरोबर घड्याळाकडे आणि भिंतींच्या तड्यांकडेही पाहतो. माणसे बाहेर आली असतील तर रिकाम्या इमारतीसाठी माणूस आत पाठवायचा नाही, हा नियम सांगायला सोपा आहे. पेटलेल्या इमारतीसमोर तो पाळणे किती अवघड असते, हे तेथे उभा राहिलेलाच जाणे.

शाळेत काय करता येईल

हा विषय शाळेपासून दूरचा वाटत असेल तर दोन तारखा आठवाव्यात. २३ डिसेंबर १९९५ रोजी हरियाणातल्या डबवाली येथे एका शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या मंडपाला आग लागून चारशेहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य मुले आणि स्त्रिया होत्या. १६ जुलै २००४ रोजी तमिळनाडूत कुंभकोणमच्या एका शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग गवती छपराला लागली आणि ९४ मुले गेली. दोन्ही ठिकाणी वर जळाऊ छत, खाली गर्दी आणि बाहेर पडायला अपुरी वाट.

पहिला प्रयोग धुराचा. एका ताटलीत एक उंच आणि एक बुटकी मेणबत्ती पेटवून ठेवा आणि दोन्हींवर मोठी काचेची बरणी पालथी घाला. कोणती आधी विझेल, याचे उत्तर विद्यार्थ्यांकडून आधी लिहून घ्या. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, म्हणून बुटकी आधी विझेल, असे बरेच जण म्हणतील. प्रत्यक्षात उंच मेणबत्ती आधी विझते. तापलेले वायू वर जाऊन बरणीच्या माथ्याशी साठतात. वेरूळच्या छतावरची काजळी आणि ही मेणबत्ती एकच गोष्ट सांगतात: धुराने भरलेल्या खोलीत श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. म्हणून वाकून, गरज पडली तर रांगत बाहेर पडायचे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या आगीत दहा नवजात बाळे दगावली. त्यांतली बहुतेक भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेली.

दुसरा प्रयोग पाण्याचा. कागदाच्या पेल्यात पाणी भरून तो मेणबत्तीच्या ज्योतीवर धरा. पाणी तापते, पण पाण्याला लागून असलेला कागद पेटत नाही. मघाचा ९०० टनांचा हिशेब यानंतर मांडला तर तो नीट पोचतो. दोन्ही प्रयोग शिक्षकांनी स्वतः करावेत आणि शेजारी पाण्याची बादली ठेवावी.

तेलाच्या कढईचा प्रयोग मात्र कधीही करून दाखवू नये. तो फक्त सांगावा. पेटलेल्या तेलावर पाणी टाकले तर ते जड असल्याने तेलाखाली जाते, क्षणात त्याची वाफ होते, आकारमान सुमारे सतराशे पट वाढते आणि जळते तेल चौफेर उडते. गॅस बंद करून कढईवर झाकण सरकवणे हा त्यावरचा उपाय. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या ताई-मावशींना हे आधी सांगायला हवे. विजेच्या आगीवर मुख्य बटण बंद होईपर्यंत पाणी नको. प्रयोगशाळेत रॉकेलमध्ये ठेवलेल्या सोडियमवर तर पाणी कधीच नको.

महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा कायदा २००६ सालचा आहे. ज्या इमारतींना तो लागू आहे, त्यांच्या मालकांनी किंवा भोगवटादारांनी आगीची साधने चालू स्थितीत असल्याचा दाखला वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. आपल्या शाळेच्या भिंतीवरचा लाल सिलिंडर शेवटचा कधी तपासला, त्यावरची तारीख कोणती, हे एखाद्या विद्यार्थ्याला वाचायला सांगा. ते पाहून पुढची चौकशी मुख्याध्यापकांनाच करावी लागेल.

शेवटचे काम सर्वांत साधे आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांचे गट करून शाळेचा नकाशा काढायला सांगा. प्रत्येक खोलीत काय आहे याची यादी करा: लवकर पेटेल असे काय, स्फोट होईल असे काय, पाण्याने भडकेल असे काय. गॅसचे सिलिंडर कुठे, मुख्य बटण कुठे, पाण्याची टाकी कुठे, कोणते दार बाहेरून कडी लावून बंद असते. आग लागली तर घंटा कोण वाजवणार, १०१ किंवा ११२ ला फोन कोण करणार, मैदानात हजेरी कोण घेणार आणि सर्वांनी कोणाचे ऐकायचे, ही नावे खाली लिहा. एक प्रत फाटकाजवळ लावा आणि एक जवळच्या अग्निशमन केंद्रात नेऊन द्या. बंब आल्यावर पहिला जवान विचारेल, “आत काय आहे? कोणी राहिले आहे का?” त्याचे उत्तर तेव्हा तयार असेल.